उतारावर घर्षण किती? ‘म्यू गुणिले नॉर्मल’ लिहिण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये जुनं लेथ मशीन येतंय, वजन ३०० किलो. टेम्पोच्या हौद्यातून ते लाकडी फळ्यांवरून खाली घ्यायचंय आणि फळ्यांचा उतार २० अंश पडतोय. विचारणारा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे, म्हणून त्याने आधी कागदावर गणित मांडलं. लोखंड आणि लाकूड यांच्यातला घर्षणांक, म्हणजे म्यू, ०.४ धरला. घर्षण आलं ११०५ न्यूटन. मशीनला खाली नेणारं बल आलं १००५ न्यूटन. वजाबाकी केली तर उणे १००! मग मशीन आपोआप उतार चढून परत टेम्पोत जाणार का? हा पहिला प्रश्न. दुसरा, घर्षणाची दिशा नेहमी चढाकडेच धरायची का? तिसरा, फळ्यांना ग्रीस लावू का?

मी मशिनरी शिफ्टिंगच्या धंद्यात बरीच वर्षं आहे. तिन्ही प्रश्न मला आवडले, पण मुळात प्रश्न चौथाच आहे: मशीन फळीवर ठेवल्यावर जागेवर राहील का, आणि हललं तर थांबेल का? त्याचं उत्तर या तिघांतूनच जातं, म्हणून क्रमाने घेतो.

आकडेमोड बरोबर आहे, ताळा करून पाहिला. ३०० किलोचं वजन म्हणजे २९४० न्यूटन. त्यातला उताराच्या दिशेचा भाग २९४० गुणिले साइन २०, साइन २० म्हणजे ०.३४२, म्हणून १००५. फळीवर काटकोनात दाबणारा भाग २९४० गुणिले कॉस २०, तो २७६३. फळी तेवढ्याच जोराने मशीनला वर रेटते, त्याला नॉर्मल म्हणतो. नॉर्मलला ०.४ ने गुणलं की ११०५. प्रत्येक पायरी बरोबर आणि उत्तर हास्यास्पद. अशा वेळी आकडे पुन्हा पुन्हा तपासण्यात अर्थ नसतो. सूत्र भलत्या जागी लावलेलं असतं.

हे ११०५ न्यूटन म्हणजे प्रत्यक्षातलं घर्षण नव्हे, ती त्याची कमाल मर्यादा आहे. किराणावाल्याने ‘महिन्याला अकराशेपर्यंत उधारी चालेल’ म्हटलं म्हणून तुमचं बिल अकराशेचं होत नाही. जेवढा माल उचलला तेवढंच बिल. वस्तू जागेवर स्थिर असते तेव्हा घर्षणही तसंच वागतं: जेवढं लागेल तेवढंच देतं, मर्यादेपर्यंत. इथे मशीनला खाली नेणारं बल १००५ आहे, तर घर्षणही १००५. बाकी शून्य, मशीन जागेवर. वर चढायचा प्रश्नच नाही, कारण घर्षण स्वतःहून कोणाला ढकलायला जात नाही.

म्हणून उतारावरच्या कुठल्याही गणितात माझा क्रम ठरलेला असतो. आधी वस्तू स्थिर आहे असं धरायचं आणि ती स्थिर राहायला किती घर्षण लागेल ते काढायचं. या पायरीवर म्यू कुठेच येत नाही. मग म्यू गुणिले नॉर्मल करून मर्यादा काढायची. लागणारं घर्षण मर्यादेच्या आत असेल तर घर्षण म्हणजे तो पहिला आकडा, गणित संपलं. मर्यादा ओलांडली तरच वस्तू घसरते, आणि तेव्हा गतिज, म्हणजे सरकणाऱ्या वस्तूच्या, घर्षणाचा म्यू घ्यावा लागतो, जो बहुतेक वेळा स्थितिक, म्हणजे जागेवरच्या वस्तूच्या, म्यूपेक्षा कमी असतो.

वर्गात गोंधळ होतो तो प्रश्नपत्रिकेच्या भाषेमुळे. ‘ठोकळा घसरण्याच्या बेतात आहे’ असं वाक्य उदाहरणात असलं की घर्षण आणि मर्यादा सारखीच, आणि सूत्र सरळ लावता येतं. पुस्तकातली निम्मी उदाहरणं अशीच असतात, त्यामुळे हात आपोआप म्यू गुणिले नॉर्मल लिहून मोकळा होतो. ते वाक्य नसेल तर बरोबरीचं चिन्ह लिहायची मुभा नाही. तिथे ‘पेक्षा कमी किंवा तेवढं’ असं चिन्ह येतं.

आता दिशेचा प्रश्न. मशीनला वरच्या बाजूने दोर बांधलाय आणि तुम्ही तो फळीला समांतर ओढताय असं धरा. दोरात ५०० न्यूटन ताण असेल तर खाली जायचं म्हणणारं बल उरलं ५०५, म्हणून घर्षण ५०५, चढाच्या दिशेने. ताण १००५ झाला की दोरानेच सगळा भार घेतला, घर्षण शून्य. ताण १५०० केला तर मशीन आता वर जायचा प्रयत्न करतंय, म्हणून घर्षण ४९५, आणि तेही उताराच्या दिशेने, खाली. ताण २११०ला पोचला, म्हणजे १००५ अधिक ११०५, की घर्षणाची मर्यादा संपली आणि मशीन वर सरकायला लागलं. ना मशीन बदललं, ना फळी, ना म्यू. तरी घर्षण एका बाजूला १००५ पासून शून्यातून जाऊन दुसऱ्या बाजूला ११०५ पर्यंत फिरलं. म्हणून दिशा पाठ करायची नसते. घर्षण नसतं तर वस्तू कुठे सरकली असती ते विचारायचं आणि बाण त्याच्या उलट काढायचा.

‘घर्षण गतीच्या विरुद्ध असतं’ हे वाक्यही जपूनच वापरा. ते घसरणाऱ्या पृष्ठभागांपुरतं खरं आहे. कर्जतहून लोणावळ्याला चढणारी गाडी बघा. भोर घाटातला हा लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि त्याचा चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कोन काढला तर जेमतेम दीड अंश, डोळ्यांना सपाटच वाटेल. पण १००० टनांची गाडी असेल तर तिच्या वजनाचा ३७वा भाग, सुमारे २७ टन, तिला सतत मागे खेचत असतो. चाकांचा आणि वळणांचा रोध वेगळाच. इंजिन गाडीला पुढे नेतं ते रुळाने चाकाला पुढे रेटल्यामुळे, म्हणजेच घर्षण इथे गाडी जाते त्याच दिशेने आहे. इंजिनाचं वजन १२० टनांच्या आसपास धरलं आणि कोरड्या रुळावर म्यू ०.३ मिळाला, तर रुळाकडून जास्तीत जास्त ३६ टनांचा रेटा मिळेल. पावसात रूळ ओले होऊन म्यू अर्ध्यावर आला की १८ टन. मोटर कितीही ताकदीची असो, त्याच्या वर गेलं की चाकं जागच्या जागी फिरणार. म्हणून तर चाकांखाली वाळू सोडायची सोय असते आणि बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा, इंजिनं लावतात. जास्त इंजिनं म्हणजे जास्त मोटरी तर खऱ्याच, पण रुळावर दाबणारं जास्त वजनही.

दोन प्रश्न झाले. परीक्षेपुरतं एवढं पुरे. पण तुमचं मशीन खरोखरच येणार आहे, तेव्हा आता कामाचं बोलू.

तुमच्या गणितात मर्यादा ११०५ आणि गरज १००५. मधे फक्त १०० न्यूटन. म्हणजे १० किलोच्या आसपासचा जोर. कोणी कोपर टेकवलं तरी एवढा जोर पडतो. त्यात हा ०.४ आला कुठून? तक्त्यातून. तक्त्यातले आकडे ठरावीक, स्वच्छ, कोरड्या पृष्ठभागांचे असतात आणि त्यातही एका तक्त्याचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. तुमच्या फळ्या सेंट्रिंगच्या असतील तर त्यांवर सिमेंटचा थर असेल. गॅरेजमधल्या असतील तर तेल मुरलेलं असेल. रात्री पाऊस पडून गेला असेल तर आणखी निराळं. २० अंशांच्या उतारावर म्यू ०.३६४च्या खाली गेला की मशीन निघालं, कारण टॅन २० म्हणजे ०.३६४ (टॅनच का, ते पुढे म्यू मोजताना येईल). तुमचा ०.४ हा आकडा खऱ्या म्यूपेक्षा दहा टक्क्यांनी जास्त असला तरी खेळ संपला.

दुसरी गोष्ट फळीचं वाकणं. ३०० किलो फळीवर आले की ती मधे झुकते आणि वरच्या टोकाजवळचा उतार वाढतो. म्यू ०.४ला घसरण्याचा कोन २१.८ अंश. तुम्ही २० अंश मोजलेत ते रिकाम्या फळीचे. दोनच अंश वाढले की गणित उलटं. पातळ फळी असेल तर दोन अंश सहज वाढतात.

आणि एक विचारायचं राहिलं: मशीन लाकडी स्किडवर, म्हणजे तळाखालच्या जाड लाकडांवर, बोल्ट केलेलं येणार आहे का? येत असेल तर फळीवर घासणार आहे ते लाकूड, लोखंड नाही. मग लोखंड-लाकडाचा आकडा घेऊन उपयोग काय? जुन्या मशीनला बहुतेकदा स्किड नसते, पण असेल तर काढू नका. पायाच्या लोखंडी कडा लाकडात रुततात, आणि रुतलं की म्यू गुणिले नॉर्मल हा नियमच नीट लागू राहत नाही. कधी अडकतं, कधी एकदम सुटतं.

म्हणून मी तक्ता बघत नाही, मोजतो. जी फळी वापरायची तीच घ्यायची, जमिनीवर ठेवायची. तिच्यावर स्किडच्याच लाकडाचा, नाहीतर बीडाचा (ओतीव लोखंडाचा) एखादा सपाट तुकडा ठेवायचा. फळीचं एक टोक हळूहळू उचलायचं, हिसका न देता. तुकडा सुटला त्या क्षणी थांबायचं आणि टेप लावायची. उचललेल्या टोकाची उंची भागिले जमिनीवरचं आडवं अंतर, हाच स्थितिक म्यू. उंची २ फूट आणि आडवं अंतर ५ फूट असेल तर ०.४. कोनमापक लागत नाही. कारण सुटण्याच्या क्षणी साइनचा भाग बरोबर म्यू गुणिले कॉसचा भाग, वजन दोन्हीकडून कटतं, उरतो टॅन. अर्धा किलोचा तुकडा आणि तीन क्विंटलचं मशीन एकाच कोनाला सुटायला हवं. तुकडा आडवा ठेवा की उभा, टेकलेलं क्षेत्रफळ बदललं तरी कोन जवळपास तोच येतो. आमाँतों या फ्रेंच गृहस्थाने १६९९ मध्ये हे मांडलं आणि कूलंबने १७८५ मध्ये भरपूर प्रयोगांनिशी पक्कं केलं. विजेच्या धड्यातला कूलंब तो हाच. विश्वास बसत नसेल तर फळीवर पाच मिनिटांत करून बघता येतं.

याच फळीवर गतिज म्यूही काढा, तो जास्त महत्त्वाचा आहे. यावेळी टोक थोडंथोडं उचलताना दर वेळी फळीला हलकी टिचकी मारायची. टिचकीनंतर तुकडा थोडा सरकून थांबतोय तोवर उचलत राहायचं. ज्या कोनाला तो थांबायचं सोडून एकाच वेगाने सरकत राहतो, त्याचा टॅन म्हणजे गतिज म्यू. चार ठिकाणी करा, सगळ्यात कमी आलेला आकडा धरा. सरासरी नको. मशीन फळीच्या सगळ्यात गुळगुळीत जागेवरूनही जाणारच आहे.

गतिज म्यूला एवढं महत्त्व का, ते तुमच्याच आकड्यांवर बघा. तो ०.३ आला असं धरू. मशीन २० अंशांवर स्थिर आहे, सगळे खूश. कोणीतरी पहारीने जरा हलवलं. सुटलं. आता घर्षण ०.३ गुणिले २७६३, म्हणजे ८२९. खाली नेणारं बल तेच, १००५. उरलेले १७६ न्यूटन मशीनला पळवतात. त्वरण ०.५९ मीटर प्रति सेकंद वर्ग. तीन फूट उंच हौद्यातून २० अंशांची फळी पावणेनऊ फुटांची असते, म्हणजे २.७ मीटरच्या आत. तळाशी पोचेपर्यंत वेग जवळपास १.८ मीटर प्रति सेकंद, तासाला साडेसहा किलोमीटरच्या आसपास. माणूस भरभर चालतो तेवढाच वेग, पण ३०० किलो वजनाला. समोर हात घालून ते थांबत नाही. उतारावरचं वजन ‘स्थिर आहे’ याचा अर्थ ‘हललं तरी थांबेल’ असा होत नाही. अपघात होतात ते या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत: स्थितिक म्यूने धरून ठेवलेलं आणि गतिज म्यूला न झेपणारं.

म्हणून उतरवण्याच्या फळीसाठी माझी कसोटी साधी आहे. उताराचा टॅन गतिज म्यूपेक्षा कमी हवा. मग मशीन हललं तरी हात काढला की थांबतं.

तुमच्यासाठी याचा अर्थ लांब फळ्या. तीन फूट उंचीला १२ फुटी फळी घेतली तर साइन येतो ०.२५, कोन साडेचौदा अंश, टॅन ०.२६. खाली नेणारं बल ७३५ न्यूटन. नॉर्मल २८४६, स्थितिक मर्यादा ११३८, गतिज घर्षण ८५४. ८५४ हे ७३५ पेक्षा जास्त, म्हणजे मशीन स्वतःहून पळणार नाही. सुटायला ४०० न्यूटनचा जोर द्यावा लागेल, ४० किलोच्या आसपास, आणि एकदा सुटलं की १२० न्यूटननेच सरकत राहील. हा फरक लक्षात ठेवा, कारण सुटताना हिसका बसतो. दोघं जीव खाऊन ढकलत असतील तर त्या क्षणी तोल जातो. ढकलू नका, पहारीने तळातून उचकून थोडंथोडं सरकवा.

१२ फुटी फळी जास्त वाकणार, हे खरं. म्हणून मधे खालून टेका द्या, लाकडी स्लीपर किंवा विटांचा पक्का थर.

एक गंमत इथेच सांगून टाकतो, कारण पुढे कधीतरी मशीन वर चढवायची वेळ येईल. उतार कमी केला की ओढण्याचा जोर त्याच प्रमाणात कमी होईल असं वाटतं. तसं होत नाही. २० अंशांवर वर ओढायला २११० न्यूटन लागतात, साडेचौदावर १८७३, आणि अगदी सपाट फरशीवरसुद्धा ११७६. उतार कमी होतो तसा साइनचा भाग घटतो पण नॉर्मल वाढतो, म्हणून घर्षणही वाढतं. उलट बाजूने म्यू ०.४ असताना उतार ४६ अंशांच्या वर गेला तर घासत ओढायला लागणारा जोर २९४० पेक्षा, म्हणजे मशीनच्या पुऱ्या वजनापेक्षा, जास्त होतो. मग फळी कशाला, चेन पुलीला टांगून सरळ उचला.

जोर कुठल्या दिशेने लावता यानेही आकडा बदलतो, कारण नॉर्मल म्हणजे ‘वजन गुणिले कॉस’ हे फक्त दुसरं कुठलंच बल फळीकडे किंवा फळीपासून लावलेलं नसताना खरं असतं. माणूस उतारावरच्या वस्तूला मागून ढकलतो तेव्हा तो फळीला समांतर ढकलत नाही, बहुतेकदा आडवं, जमिनीला समांतर ढकलतो. त्या जोराचा एक भाग वस्तूला फळीवर आणखी दाबतो. २० अंशांवर वर ढकलायला मग २११० ऐवजी २६२९ न्यूटन लागतात, पाचशेहून जास्त वाया. दोर फळीपेक्षा थोडा वर उचललेल्या कोनात ओढला तर उलट होतं, नॉर्मल हलकी होते. म्यू ०.४ला २२ अंशांच्या आसपासचा कोन सगळ्यात फायद्याचा, आणि फायदा सात टक्के. सात टक्क्यांसाठी मी कोन मोजत बसत नाही, पण दोर खालच्या बाजूला खेचला जाणार नाही एवढं बघतो.

घसरण्याच्या नादात कलंडणं विसरू नका. घर्षणाचं गणित वस्तूला ठिपका समजतं, तिची उंची त्यात येतच नाही. उभं लोखंडी कपाट घ्या: खोली ४५ सेंटिमीटर, गुरुत्वमध्य ९० सेंटिमीटर उंचीवर. तळाच्या खोलीचा निम्मा भाग २२.५, भागिले ९०, म्हणजे ०.२५. उताराचा टॅन याच्या वर गेला, म्हणजे १४ अंश ओलांडले, की कपाट घसरायच्या आधीच पडतं, म्यू कितीही चांगला असो. लेथ लांबीच्या दिशेने आडवी असते म्हणून पुढेमागे पडायची भीती कमी. पण ती अरुंद आणि वरून जड असते, त्यात हेडस्टॉककडचा, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या डोक्याकडचा, भाग सगळ्यात जड. दोन फळ्यांपैकी एक जास्त वाकली तर ती बाजूला कलंडते. दोन्ही फळ्या सारख्याच जाडीच्या, आणि दोन्हींखाली टेका सारखाच.

दोर मात्र कुठल्याही उताराला हवाच, गणित कितीही बाजूने असो. तो हातात धरून उभं राहायचं नाही. टेम्पोच्या पुढच्या अंगाला मजबूत आडवा पाइप असेल किंवा समोर आरसीसी खांब असेल, त्याला वेढे द्यायचे. इथे घर्षण आपल्या बाजूने काम करतं. दोर आणि पाइपमधला म्यू ०.२५ धरला तर दीड वेढ्याने ताण साधारण दहापट कमी होतो, दोन वेढ्यांनी तेवीसपट. प्रत्येक जादा वेढ्याने बेरीज नाही, गुणाकार होतो. त्यामुळे ८० किलोचा ओढ एका माणसाला साडेतीन किलोच्या जोराने धरता येतो आणि इंचाइंचाने सोडता येतो. टेम्पोच्या चाकांना ओट, म्हणजे अडसर, लावा, फळ्यांची वरची टोकं हौद्याला अडकवा आणि खालच्या टोकांपुढे गुटका ठोका. मशीनच्या समोर, उताराखाली, कोणीही उभं राहायचं नाही. बाजूने काम करायचं.

राहिला ग्रीसचा प्रश्न. उतारावर नको. ग्रीसने म्यू ०.१ पर्यंत आला तर १२ फुटी फळीवरसुद्धा घर्षण उरतं २८५ आणि खाली नेणारं बल ७३५. म्हणजे ४५० न्यूटनचा ओढ पूर्ण वेळ दोरावर, आणि फळीवर पाय ठेवणारा माणूस घसरतो तो वेगळाच. मशीनखाली पाइपचे रोलर टाकायचा मोह होईल, तोही उतारावर टाळा. रोलरचा रोध वजनाच्या पाच टक्के धरला तर २० अंशांवर ८६७ न्यूटन दोरावर येतात. जवळपास पूर्ण साइनचा भाग, घर्षणाची मदत नावालाच. पाइप वापरायची जागा म्हणजे खालची सपाट फरशी. तिथे घासत ओढायला ११७६ न्यूटन लागतील, पाइपवर दीडशेच्या आसपास. फळीचं टोक संपून फरशी लागते तिथे स्किडचं पुढचं टोक आपटतं आणि मशीन अडतं. तिथे पहारीने उचलून पहिला पाइप आत सरकवा, आणि अख्खं मशीन फरशीवर येईपर्यंत वरचे वेढे सोडू नका.